झुरळांनी खाल्लेली डांबरगोळी

पावसाळ्यात गोव्यात कपाटाला बुरशी चुकत नाही, म्हणून घडीघडीत डांबरगोळ्या. त्यातलाच कोट घालून साखरपुड्याला निघालो. फोंडा-पणजी बस, खिडक्या बंद. फर्मागुडी यायच्या आत शेजारच्या काकांनी नाकाला रुमाल लावला आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं विचारलं, "बाब, तुला आजच कपाटातून काढला काय?"

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. गप्प बसणं रक्तात नाही. म्हटलं, "काका, हे नॅफ्थलीन. बेंझीनची, म्हणजे सहा कार्बनची, दोन कडी एकमेकांना चिकटलेली. वितळायला ८० अंश लागतात, पण त्याच्या कितीतरी आधीच ते थेट वाफ होऊन उडतं. म्हणून गोळी बारीक होत जाते."

"उडत नाही. झुरळं खातात."

"खाल्ली तर मरतील ना!"

"मग ठेवतात कशाला?"

मी शेवटचं अस्त्र काढलं. "घट्ट झाकणाच्या डब्यात गोळी वर्षभर तशीच राहते. ती का झिजत नाही?"

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "डब्यात झुरळ शिरणार कुठून?"

बस हसली. ड्रायव्हरसुद्धा.

बेंझीन नेमकं या काकांसारखंच वागतं. कागदावर तीन डबल बाँड (दुहेरी बंध) दिसतात, वाटतं ब्रोमीनचं पाणी ओतलं की ते ब्रोमीनला पकडतील आणि पाण्याचा रंग उडेल. उडत नाही. सहाही बंध सारखेच, १३९ पिकोमीटर लांबीचे; इलेक्ट्रॉन कडंभर पसरून निवांत बसलेले. तीव्र नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्ल घेऊन चाल करून गेलात, तर तुमचा नायट्रो गट ठेवून घेईल, एक हायड्रोजन बाहेर टाकेल आणि कडं पुन्हा जसंच्या तसं. काकांनीही माझा डब्याचा मुद्दा ठेवून घेतला. मत जागच्या जागी.

पॅरिसात फ्रीडेल आणि क्राफ्ट्स या रसायनशास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरून या कड्याला अल्किल गट (कार्बन-हायड्रोजनचे तुकडे) जोडले. पण ते लागतं ठणठणीत कोरडं. पॅरिसात ठीक आहे. आमच्याकडे जुलैत बाटलीचं बूच काढलं की दमट हवेनंच ते धुमसतं, आणि मग प्रॅक्टिकल राहतं बाजूला, खोकणाऱ्या पोरांना बाहेर काढा. तीच पोरं परीक्षेत 'बेंझीन अ‍ॅडिशन न देता सब्स्टिट्यूशन देतं' (म्हणजे नवं काही वर जोडून घेत नाही, एकाच्या जागी दुसरं बसवतं) हे स्वल्पविरामासकट लिहितात. का देतं, हे एकानंही कधी विचारलं नाही. काकांनी निदान वाद तरी घातला.

म्हार्दोळला कंडक्टर आला. तिकिटाचे पूर्ण पैसे घेतले आणि म्हणाला, "मात्शें दारांत उबो राव रे, लोकांक वास येता." पैसे सीटचे, उभा मी दारात, आणि बाहेरून पावसाची झड. माझ्या जागेवर काकांनी आपली पिशवी ठेवली.

बाणस्तारीच्या पुलावर मागच्या सीटवरची एक बाई वाकून म्हणाली, "भाऊ, त्या गोळ्या कुठल्या दुकानातल्या? आमच्याकडची झुरळं खातच नाहीत हो."