अमेरिकेची सद्दी आणि आमची वाडी

राजापूरकडच्या आमच्या वाडीच्या ग्रुपवर सध्या दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते अमेरिकेची सद्दी संपली, ब्रिक्स (ब्राझील, रशिया, भारत, चीन वगैरेंचा गट) आलं, डॉलरचे दिवस भरले. दुसरी म्हणते ट्रम्पने ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावर 50 टक्के टॅरिफ (आयात कर) लावला तेव्हा कोळंबीवाल्यांची तंतरली होती ते विसरलात का. कुणाची म्हैस नि कुणाला उठबैस.

मी राहतो यूएईत, अबुधाबीला. हा देश 2024 पासून ब्रिक्समध्ये आहे, त्याच देशात अल धफ्राच्या हवाई तळावर अमेरिकेची विमानं उभी आहेत आणि दिरहम 1997 पासून डॉलरला बांधलाय, दोन्ही डगरींवर हात ठेवून मजेत चाललंय यांचं. रुपया घसरला की गावाकडे देशाची इज्जत गेली म्हणून रडारड, इथे मात्र एक्स्चेंजच्या खिडकीपुढे रांग लागते, पोरं साइटवरून हेल्मेट काखेत मारून थेट येतात, कारण तेवढ्याच दिरहमात घरी चार पैसे जास्त पोचतात.

आणि सत्ता कुठून कुठे सरकली ते आमच्या किनाऱ्याला कुणी शिकवायला नको. गुहागरला अमेरिकेची वीज कंपनी एन्रॉन, 2010 ला माडबनला (म्हणजे जैतापूर अणुप्रकल्पाच्या जागी) फ्रान्सची अणुभट्ट्यावाली अरेवा, 2018 ला नाणारला रिफायनरीसाठी सौदीची तेल कंपनी आरामको आणि जोडीला इथलीच, अबुधाबीची ॲडनॉक. पैसेवाला दर वेळी नवा, सातबारा आमचाच. यूएईने अणुभट्ट्यांसाठी फ्रान्स, अमेरिका-जपान, कोरिया सगळ्यांना एकमेकांपुढे बसवलं आणि डिसेंबर 2009 मध्ये काम कोरियाला दिलं, बराकाच्या चारही भट्ट्या 2024 पर्यंत चालू झाल्या. आमची जैतापूरची जागा मात्र टेंडर न काढताच फ्रान्सच्या वाट्याला गेली. (आता लगेच 'बघा, तिथे आंदोलनं नाहीत' म्हणू नका, इथे ग्रामसभा नावाची चीजच नाही आणि ते काही मला भूषणावह वाटत नाही.)

एन्रॉनचा विजेचा दर डॉलरशी जोडलेला, म्हणजे रुपया पडला की आपल्या वीज मंडळाचं बिल चढणार, शेवटी 2001 मध्ये मंडळाने वीज घेणंच बंद केलं. कोण वर चढतंय याच्यापेक्षा हा करारातला कलम कुणी लिहिला ते विचारायला हवं होतं, तेव्हा फार थोड्यांनी विचारलं. जैतापूरचंही घोडं वर्षानुवर्षं विजेचा दर आणि अपघात झाला तर भरपाई कुणाची, यांवर अडत आलंय. अडू दे. भांडायचंच तर त्यावर भांडा, ग्रुपवरच्या मोदी-पुतिनच्या मिठीच्या फोटोवर कशाला.