रुईवरचे केशरी फुलपाखरू मोनार्क नव्हे

रुईच्या झुडपावरील केशरी फुलपाखराचे छायाचित्र असलेला एक संदेश पुष्कळ फिरतो. हे अमेरिकेतील मोनार्क असून दरवर्षी हजारो किलोमीटर उडत भारतात येते, तेच फुलपाखरू परत जाते आणि त्याला खाणारा पक्षी जागीच मरतो, असे त्यात म्हटलेले असते.

छायाचित्रातील फुलपाखरू प्लेन टायगर आहे. दोन्ही जाती डॅनॉस या एकाच प्रजातीतल्या, त्यामुळे गोंधळ समजण्यासारखा आहे. पण मोनार्कच्या पंखांवरील शिरा ठळक काळ्या असतात, तर प्लेन टायगरचा मागचा पंख मोकळा केशरी असून त्याच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके आणि पुढच्या पंखाच्या काळ्या टोकाशी रुंद पांढरा पट्टा असतो. शिरा काळ्या दिसल्या, तरी तो बहुधा आपल्याकडचाच स्ट्राइप्ड टायगर असतो. त्यालाही हा पांढरा पट्टा असतो, मोनार्कला नसतो.

स्थलांतराची कथा खरी आहे, फक्त ती भारताची नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील मोनार्क शरद ऋतूत दक्षिणेकडे निघतात आणि काही तर सुमारे ४,००० किलोमीटर उडून मेक्सिकोतील मिचोआकान परिसरातल्या ओयामेल वृक्षांच्या डोंगराळ जंगलात हिवाळा काढतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मोनार्क स्थिरावला आहे, भारतात त्याची वस्ती नाही. ‘तेच परत जाते’ हेही अर्धसत्यच, कारण हिवाळा काढलेली पिढी वसंतात उत्तरेकडे निघून वाटेत अंडी घालते आणि मरते. पुढच्या शरदात मेक्सिकोला पोहोचतात ते तिचे पणतू किंवा खापरपणतू, ज्यांनी ते जंगल कधी पाहिलेलेच नसते.

विषाबाबत दोघांचे साम्य आहे. दोघांच्याही अळ्या चिकाच्या वनस्पती खातात आणि त्यांतील विषारी द्रव्ये अंगात साठवतात. (बागेतले हळदीकुंकू दोघांच्याही अळ्यांना चालते, अमेरिकेतून आलेले काही शोधायचेच असेल, तर ते हे झाड आहे.) मात्र पक्षी जागीच मरत नाही. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ लिंकन ब्राउअर यांच्या प्रयोगांत मोनार्क खाल्लेल्या ब्लू जे पक्ष्यांना उलटी झाली आणि नंतर त्यांनी मोनार्कला चोचही लावली नाही. खाणारा मेला असता, तर धडा कोणी घेतला असता? डॅनेइड एगफ्लाय या बिनविषारी फुलपाखराची मादी प्लेन टायगरचे रूप घेऊन वाचते, ती पक्ष्यांच्या याच आठवणीवर.