५९० रुपयांत कळलं, आमचं पाणी खारं आहे

"मॅडम, तुमचं पाणी खराब आहे."

वॉशिंग मशीन पाणी तापवेना म्हणून कंपनीचा माणूस बोलावला, तर त्याचं हे वाक्य मला ५९० रुपयांना पडलं. ५०० व्हिजिटचे, ९० जीएसटीचे. पावती फ्रिजवर चिकटवून ठेवली आहे, येईल त्याला दाखवते.

अरे बाप्पा! पूर्णेकाठचं माहेर, पूर्णेकाठचं सासर, अख्खा जन्म खारपाणपट्ट्यात गेला. आमच्याकडे बोअरला पाणी लागलं म्हणून कोणी पेढे वाटत नाही, आधी जिभेवर ठेवून पाहतात, थुंकतात आणि मग घरी जातात. या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नवी तोटी वर्षभरात पांढरी पडते. आणि हा पोरगा अकोल्याहून येतो, खिशातून पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं टीडीएस मीटर काढतो, बादलीत बुडवतो आणि २३०० चा आकडा माझ्या नाकासमोर धरतो. जसा काही मीच तो आकडा घरात लपवून ठेवला होता! "पिण्याच्या पाण्याची मर्यादा ५०० असते मॅडम." मी म्हटलं, दादा, पाणी पाजायचं नाही, चादरी धुवायच्या आहेत. मशीनचं मागचं झाकण उघडलं नाही. स्क्रू ड्रायव्हर बॅगेतून काढलासुद्धा नाही. मशीनकडे पाहिलं किती वेळ? चार मिनिटं. माझ्या मोबाइलवरचा ओटीपी मागायला किती? वीस मिनिटं, कारण आमच्या घरात रेंज नाही आणि ओटीपीसाठी मला स्लॅबवर चढून पाण्याच्या टाकीमागे उभं राहावं लागतं. खाली येईस्तोवर त्या ओटीपीची मुदत संपते. तीन वेळा चढले. गुडघे माझे, ५९० माझे, आणि वॉरंटीत बसत नाही म्हणे. पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत नसतं!

कपडे धुवायच्या मशीनचं नुकसान पाण्यामुळे. मग काय रॉकेलनं धुवायचे होते?

आणि हा यायला अकरा दिवस लागले. आमची ती रमतगमत जाणारी शकुंतला रेल्वे चालू असती आणि तीत बसून आला असता तरी आधी पोचला असता. त्याआधी कस्टमर केअर. मराठीसाठी तीन दाबा. तीन दाबलं की हिंदीत बाई येते. "मशीन बंद करके चालू किया?" बाई, आमच्या गावात लाइन दिवसातून सहा वेळा जाते, ती मशीन बंद-चालू होण्यातच पटाईत झाली आहे. मग आमचा पिनकोड त्यांना सापडेना. आमचा पिनकोड कोणालाच सापडत नाही. कुरिअरवाला पार्सल दर्यापुरात ठेवतो आणि फोन करून मलाच विचारतो, कधी येता घ्यायला?

बरं, मी काय अडाणी आहे? ६० अंश लावले, चाळीस मिनिटांनी दाराच्या काचेला हात लावला, थंडगार, माठाला लावावा तसा. मग बाहेरच्या विजेच्या मीटरसमोर उभी राहिले. हीटर लागला की त्यावरच्या लाल दिव्याची लुकलुक वाढते, गीझर लावून पाहा कोणीही. इथे दिवा आपला सावकाश, पेन्शनर माणसासारखा. म्हणजे हीटर वीज घेतच नव्हता. हे सगळं मी फोनवर सांगितलं होतं. पण घरच्या बाईनं सांगितलेलं निदान कोण लिहून घेतं? आमचे हे सुद्धा म्हणाले, "तो येऊन पाहील ना." आला, पाहिलं.

शेवटी गावातल्या मोटार वाइंडिंगवाल्याला बोलावलं. त्यानं पहिले प्लग काढला, मग मागचा पत्रा, हीटरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला. २००० वॅटचा हीटर, पंचवीस-तीस ओहम दाखवायला पाहिजे. काटा जागचा हलेना. तार आतून तुटलेली. मग त्यानं हीटर बाहेर ओढला आणि आम्ही सगळे गप्प झालो. गणपतीच्या सोंडेएवढा जाड झालेला, पांढराशुभ्र. क्षारांचा थर असा बसला होता की आतली उष्णता बाहेर पडायला जागा नव्हती. आपल्याच उष्णतेनं जळला बिचारा.

म्हणजे तो अकोल्याचा पोरगा खरंच बोलला होता. याचा राग तर वेगळाच आहे.

त्याहून वाईट पुढे आहे. वाइंडिंगवाला म्हणाला, "वहिनी, मशीनसंगं थर काढाची पावडर भेटते, महिन्याले एक पुडी टाका लागते." पुड्या? मी आत्याबाईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे, पाहिलं. आत्याबाई भिंतीकडे.

"काहून वो, थे पावडर मी बंबाले लावली. न्हाणीतल्या फरशीले बी. मस्त निघते."

निघतेच. दोन वर्षं आमची न्हाणी चकचकीत आहे आणि येणारी प्रत्येक पाहुणी तिचं कौतुक करून जाते. ते मी हसून घेतलं, पुड्या कुठे जातात हे मला पक्कं माहीत असताना. आता बोलू कोणाला?

नवा हीटर मागवायला बसले, तर या पिनकोडवर डिलिव्हरी नाही. वाइंडिंगवाला अकोल्याहून आणून देतो म्हणाला, पण सकाळी नका लावू, असंही बोलला. सकाळी साऱ्या गावाचे पाणी तापवायचे रॉड एकदम लागतात, चक्की सुरू होते, व्होल्टेज १६० वर येतं. २३० चे १६० झाले की हीटरचा जोर निम्म्यावर. म्हणजे आधी रात्री बाराला उठायचं, मग कपडे धुवायचे. मोठी सोय!

मामाजी, म्हणजे माझे सासरे, कधीचे अंथरुणाला आहेत, त्यांच्या चादरी गरम पाण्याशिवाय निघत नाहीत, त्यासाठीच तर हट्टानं हीटरवाली मशीन घेतली होती. आज धुतल्या. पऱ्हाट्या घालून बंब पेटवला, मशीनचा नळ बंद केला आणि पावडरच्या खणातून तांब्या-तांब्यानं गरम पाणी ओतलं. डोळ्यांत धूर, हाताला चटका. आत्याबाई खुर्ची टाकून काचेतून चादरी फिरताना पाहत होत्या. बंब मात्र आरशासारखा चमकत होता.

स्लॅबवर चादरी वाळत घालायला गेले तर रेंज आली आणि मेसेज आला, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? एक दाबला. तो अजून गेलेला नाही, चकरी फिरतेच आहे.