घरीही इंग्रजीतच बोला म्हणे!

आज नव्या पालकांचं ओरिएंटेशन होतं. आमच्या छोट्यांच्या विभागाचं. ज्यांची पोरं अजून उजव्या पायातला बूट डाव्या पायात घालतात, त्या आईबाबांना 'इंटरनॅशनल शाळेतलं अर्ली इयर्स म्हणजे काय' हे समजावून सांगायचा कार्यक्रम. माईक बराच वेळ ॲडमिशनवाल्यांकडेच होता. तरणतलाव झाला, रोबोटिक्स लॅब झाली (तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना रोबोटिक्स लॅब, असो), आमची मुलं पुढे कुठल्या कुठल्या विद्यापीठांत गेली त्याचा नकाशा झाला. मी मागे भिंतीला टेकून जांभया गिळत उभी. आणि मग ती स्लाइड आली. 'पालकांनी काय करावं' या मथळ्याखाली पहिलाच मुद्दा: घरीही शक्यतो इंग्रजीतच बोला.

पुढच्या रांगेतल्या एका आईने फोन काढून त्या स्लाइडचा फोटो घेतला.

तिथे माझं डोकं फिरलं. घरी येऊन दोन तास झाले तरी उतरलं नाहीये, म्हणून हे लिहितेय. लांबलचक होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जावं.

त्या आईला बघून मला एक मुलगा आठवला. बऱ्याच वर्षांपूर्वीचा. खरं नाव सांगणार नाही, छोटू म्हणू. दुसऱ्या एका शाळेतून आमच्याकडे आला तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. त्या शाळेत कुणीतरी त्याच्या आईबाबांना नेमका हाच सल्ला दिला होता, आणि ती सरळ माणसं, त्यांनी तो इमानाने पाळला. स्वतःला जेमतेम येणाऱ्या इंग्रजीत दोघं पोराशी बोलायची. कम. सिट. ईट. नो. जरा विचार करा, एवढ्याशा पोराचं आईशी असलेलं सगळं बोलणं चार-पाच हुकमांवर आलेलं. गोष्ट नाही, लाडाने बोलणं नाही, 'आज काय झालं ठाऊक आहे का' नाही, कारण ते सगळं इंग्रजीत करण्याइतकी इंग्रजी त्यांच्याकडे नव्हतीच. छोटू शाळेत बोलायचा नाही, ते एक वेळ समजू शकतं. नव्या भाषेत पडलेली मुलं सुरुवातीला कित्येक आठवडे, कधी महिने गप्प असतात. ऐकत असतात, साठवत असतात. आम्ही त्याला घाबरत नाही. पण त्याची आई मला दारात थांबवून म्हणाली, "मॅडम, तो आता घरीही बोलत नाही हो."

ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. आणि आज तोच सल्ला आमच्या पडद्यावर, आमच्या लोगोखाली.

गंमत काय, ज्या इंग्लंडच्या अभ्यासक्रमाचं नाव घेऊन आपण मिरवतो, तो ईवायएफएस (अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज, शाळेआधीच्या छोट्यांसाठीचा), 2008 पासून तिथे लागू आहे, त्यात उलटच लिहिलंय. ज्या मुलांच्या घरची भाषा इंग्रजी नाही, त्यांना ती भाषा खेळताना आणि शिकताना वापरायला मिळावी म्हणून शाळेने पावलं उचलायची आहेत, घरी ती वाढावी म्हणून आधार द्यायचा आहे. हा तिथला नियम आहे, एखाद्या हळव्या बाईंची इच्छा नाही. आता कुणी म्हणेल, पहिलीत जाईपर्यंत चांगली इंग्रजी यायला हवी असंही त्यातच म्हटलंय. हो, म्हटलंय. दोन्ही म्हटलंय. आमच्या स्लाइड बनवणाऱ्याने अर्धंच वाचलं, किंवा तेवढंही नाही. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, त्यांच्या पीवायपी या प्राथमिक अभ्यासक्रमातही, तो तर 3 ते 12 वर्षांच्या मुलांसाठीच बनवलेला, मुलाच्या घरच्या भाषेला मान आहे. आणि मातृभाषेतून शिकणं उत्तम हे युनेस्कोने 1953 मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे ज्यांच्या नावाने आपण स्वतःला इंटरनॅशनल म्हणवतो त्या सगळ्यांचं मत एकीकडे आणि आमची पीपीटी दुसरीकडे.

आणि नियम-बियम सोडा हो. तीन वर्षांचं मूल भाषेत नुसते शब्द शिकत नसतं. जड म्हणजे काय, आधी आणि नंतर म्हणजे काय, माझं आणि तुझं म्हणजे काय, एखाद्याने ढकललं तर राग येतो त्या रागाला काय म्हणायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात उभं राहत असतं. ते ज्या भाषेत पक्कं उभं राहील त्या भाषेत राहू द्या. 'हेवी' हा शब्द त्यावर नंतर आपोआप येऊन बसतो, आम्ही रोज बघतो. पण जडपणाच कळला नसेल तर 'हेवी' घेऊन ते करणार काय?

पालकांचा राग येतोय का मला? खरं तर नाही. (आधी येत होता, लिहिता लिहिता गेला.) इंग्रजी यावी असं वाटण्यात काही गैर नाही, मलाही माझ्या पोरांना यावी असं वाटलंच होतं. पैसे मोजून आलेली माणसं आहेत. त्यांच्यापैकी अर्ध्यांना कधीतरी, कुठेतरी इंग्रजी न आल्यामुळे खाली मान घालावी लागलेली असते, आणि तो सल कुणी बोलून दाखवत नाही. छोटूचे बाबा तसेच. मला राग येतो तो त्या सलावर स्लाइड बनवणाऱ्यांचा.

प्रश्नोत्तरांच्या वेळी एका बाबांनी विचारलं, "लिहायला कधीपासून शिकवणार?" खरा प्रश्न. दरवर्षी येतो. पण वेळ संपत आला होता, त्यामुळे 'आमचा प्ले-बेस्ड अप्रोच आहे' एवढं गुळगुळीत वाक्य टाकून त्यांना बसवलं गेलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की हे उत्तर त्याला कळलेलं नाही आणि पुन्हा विचारायची त्याला लाज वाटतेय. असं करतात का माणसाला?

बाबा, तुम्ही ही पोस्ट वाचणार नाही, तरी सांगते. माणसाच्या मनगटात 8 छोटी हाडं असतात. जन्मतः ती हाडं नसतातच, नुसती मऊ कूर्चा असते. एकेक करत ती घट्ट होत जातात आणि शेवटचं हाड व्हायला नऊ-दहा वर्षं, काहींना बारा लागतात. तुमची लेक अजून तीनची आहे. तिच्या हातात पेन्सिल देऊन रेघेत 'ए' काढायला लावला तर ती काढेल, मुलं बिचारी सांगितलेलं करतात, पण खांद्यापासून सगळा हात आवळून काढेल. त्याआधी तिला वाळू उपसू दे. ओली वाळू बादलीत भरून उचलू दे, माती मळू दे, कात्रीने कागदाची वाट लावू दे, शिडीला लोंबकळू दे. खांदा, मग कोपर, मग मनगट, मग बोटं, या क्रमाने ताकद उतरत येते. आमच्या वाळूच्या हौदात तुम्हाला जे 'टाइमपास' दिसलं तो लेखनाचाच वर्ग होता. फिनलंडमध्ये शाळाच सातव्या वर्षी सुरू होते आणि तिथली माणसं अडाणी राहिलेली नाहीत. एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. नकाशा एक मिनिटाने कमी दाखवला असता तर जमलं असतं.

परत छोटूकडे येते, कारण मुद्दा तिथेच आहे.

आम्ही त्याच्या आईला वर्गात बोलावलं. म्हटलं, तुमच्या भाषेत एक गोष्ट सांगा. ती घाबरली. "इथे कुणाला कळणार?" म्हणाली. खरंच कुणालाच कळणार नव्हती, मलाही ती भाषा येत नाही. आली, खालच्या सतरंजीवर बसली, आणि अगदी हळू आवाजात काहीतरी सुरू केलं. एक म्हातारी होती आणि एक प्राणी होता एवढं हातवाऱ्यांवरून कळलं. सगळी पोरं चिडीचूप. मध्येच तिने काहीतरी चुकीचं सांगितलं असावं, कारण छोटू ताडकन उठला आणि मोठ्याने, रागाने, अख्खं वाक्य बोलला. त्याच्या भाषेत. आई थांबली. मग हसायला लागली, आणि पुढची गोष्ट त्यानेच सांगितली.

लगेच चमत्कार झाला असं कुणी समजू नका. इंग्रजी यायला त्याला त्यानंतरही भरपूर वेळ लागला. पण ब्लॉक्सच्या कोपऱ्यात तो स्वतःशी पुटपुटायला लागला, बाकीची पोरं त्याचे दोन-तीन शब्द उचलून वापरायला लागली, आणि घरी कम-सिट-ईट बंद झालं. मी त्याच्या आईकडून काही शब्द लिहून घेतले. पाणी, सू, दुखतंय, आई कधी येणार. तेव्हापासून नव्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरच्या भाषेतले एवढे शब्द मी दाराच्या मागे चिकटवते. माझे उच्चार भयंकर असतात. पोरं खो खो हसतात. चालतं.

आणि हेच, नेमकं हेच आज कुणी सांगितलं नाही. कार्यक्रम संपल्यावर फोटो काढणारी ती आई माझ्याजवळ आली आणि विचारलं, "त्याला सू लागली तर तो कुणाला सांगेल? त्याला इंग्रजीत सांगता येत नाही." पालकांना हे हवं असतं हो! माझं मूल रडलं तर कोण उचलेल, कपडे ओले झाले तर कोण बदलेल, पहिल्या दिवशी मी किती वेळ थांबू शकते, निघताना सांगून निघू की नकळत. (सांगूनच निघा. रडलं तरी सांगूनच. नकळत गेलात तर पुढचा आठवडाभर ते तुमच्या कपड्याला धरून बसेल.) प्रत्येक मुलासाठी एक ठरलेली बाई असते, 'की पर्सन' म्हणतात तिला, ती मुलाला ओळखते, घरच्यांशी बोलते. ही इतकी चांगली गोष्ट आमच्याकडे आहे आणि तिच्यासाठी एक स्लाइड नव्हती. त्या आईला मी सांगितलं की तिच्या मुलाची ती बाई मीच आहे, आणि तुमच्याकडे सूला काय म्हणतात ते आत्ताच सांगून ठेवा. तिने सांगितलं. स्लाइडचा फोटो डिलीट करा असं म्हणायचं जिभेवर आलं होतं, पण शेजारी ॲडमिशनवाले उभे होते. घरी तुमच्याच भाषेत बोला, भरपूर बोला, एवढं मात्र हळूच सांगितलं.

त्या पीपीटीत रेजिओ एमिलिया या बालशिक्षणाच्या पद्धतीचंही नाव होतं बरं का, सुंदर लाकडी खेळण्यांच्या फोटोसकट. ते काय आहे ते तरी सांगायचं. 1945 मध्ये युद्ध संपल्यावर इटलीतल्या त्या शहराजवळच्या एका खेड्यात माणसांनी जर्मन सैन्य सोडून गेलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशातून बालशाळा बांधायला घेतली. मोडक्या घरांच्या विटा वापरून, स्वतःच्या हातांनी. मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक हे ऐकून सायकलवरून बघायला गेला आणि तिथलाच होऊन गेला. म्हणजे ज्या पद्धतीचं नाव आपण आज ब्रोशरवर छापतो ती शाळा पालकांनी बांधलेली! त्याच 1945 साली इकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू करत होत्या, आणि मुलं शाळेत येईनात तेव्हा त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पालकांच्या दारात गेली माणसं. आम्ही पालकांना एसी हॉलमध्ये बसवून त्यांच्या घरची भाषा बंद करायला सांगतो.

मला विचाराल तर हॉलच नको. पालकांना वर्गात आणा, त्या बुटक्या खुर्च्यांवर बसवा, समोर पाण्याचा टब, नरसाळी, चाळणी, ओली माती ठेवा आणि अर्धा तास काही बोलू नका. मोठी माणसं सुरुवातीला लाजतात, फोन बघतात, मग एखादा बाप हळूच नरसाळ्यात पाणी ओततो, आणि पाचव्या मिनिटाला दोन बाप मिळून धरण बांधत असतात. मी बघितलंय. मग त्यांना विचारा की आत्ता तुम्ही काय काय केलंत, आणि कुठल्या भाषेत बोललात. छोटूचे बाबा अशाच एका सकाळी माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले, तेही आपल्या मोडक्या इंग्रजीची माफी न मागता.

मान्य, शाळा चालवायला ॲडमिशन लागतात, आणि तरणतलाव बघून लोक येतात. मला ते कळत नाही असं नाही. माझा पगारही त्यातूनच निघतो. पण एकदा फी भरून झाल्यावर तरी त्या माणसांना गिऱ्हाईक समजणं थांबवाल की नाही?

आता कमेंटमध्ये कुणीतरी येऊन लिहिणारच, 'एवढं आहे तर इंटरनॅशनल शाळेत नोकरी कशाला करता?' त्यांना आधीच उत्तर देऊन ठेवते. कारण तिथे माझ्या वर्गात हाताला मदतनीस आहे, वाळू आहे, चिखल करायला परवानगी आहे, आणि तीन वर्षांच्या मुलाची परीक्षा घ्या असं मला कुणी सांगत नाही. हे फार थोड्या ठिकाणी मिळतं आणि ते मी सोडणार नाही. उद्या दुसऱ्या गटाचं ओरिएंटेशन आहे. मुख्याध्यापिकांना आत्ताच मेसेज टाकलाय की बोलायला मला आधी उभं करा, स्लाइड्स नंतर. त्यांनी वाचलाय, उत्तर अजून आलेलं नाही.