लॅरॉन सिंड्रोम हे वरदान नव्हे

‘इक्वेडोरच्या डोंगरातल्या ठेंगण्या लोकांच्या अंगात ग्रोथ हार्मोनच नाही, म्हणून त्यांना कॅन्सर-मधुमेह होत नाही आणि ते शंभरी गाठतात. तुम्हीही उपास करून हे हार्मोन कमी करा,’ असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. ही माणसं खरी आहेत आणि त्यांचा लॅरॉन सिंड्रोम हा दुर्मीळ आनुवंशिक आजारही खरा. बाकी बरंच चुकीचं आहे.

‘हार्मोनच नाही’ हे तर साफ उलटं. त्यांच्या रक्तात ग्रोथ हार्मोन भरपूर असतं, बहुधा नेहमीपेक्षा जास्तच. १९६६ साली इस्राएलचे डॉ. झ्वी लॅरॉन आणि सहकाऱ्यांनी हेच कोडं मांडलं होतं: हार्मोन चढलेलं, पण मूल वाढत नाही. दोष असतो तो हार्मोन ज्याला चिकटून काम करतं त्या रिसेप्टरमध्ये. त्यामुळे यकृत पुरेसं आयजीएफ-१ (हाडं वाढवणारं दुसरं हार्मोन) बनवत नाही, हाडं वाढत नाहीत, आणि आयजीएफ-१ कमी म्हणून पिट्युटरी ग्रंथी हार्मोन सोडतच राहते. म्हणूनच खुंटलेल्या मुलाचा ग्रोथ हार्मोनचा एकटा रिपोर्ट पाहून ‘सगळं ठीक आहे’ म्हणणं धोक्याचं. आयजीएफ-१ सोबत बघायलाच हवं.

कॅन्सर-मधुमेहाच्या दाव्यात तथ्य आहे, पण अर्धंच. इक्वेडोरमधल्या ९९ जणांवर २२ वर्षं लक्ष ठेवून २०११ मध्ये निष्कर्ष छापले गेले. मधुमेह कुणालाच नव्हता, कॅन्सर एकीला झाला. उंचीने सामान्य असलेल्या नातेवाइकांत हे प्रमाण ५ आणि १७ टक्के होतं. इस्राएलमधल्या काही रुग्णांना मात्र मोठेपणी मधुमेह झालेला आहे.

शंभरी? नाही. त्याच अभ्यासात हे लोक इतरांपेक्षा जास्त जगताना दिसले नाहीत. आकडीचे झटके, अपघात, दारू यांनी बरेच जण गेले.

उपासाने तर ग्रोथ हार्मोन वाढतं. उतरतं ते आयजीएफ-१. आणि वाढत्या वयाच्या मुलांवर असले प्रयोग कुणी करू नयेत, अगदी कळकळीने सांगते.

फिरणाऱ्या त्या मजकुरात आजारी मुलांचा उल्लेखही नाही, याचं मला फार वाईट वाटतं. लहानपणी त्यांची साखर एकाएकी उतरते, झटके येऊ शकतात. उपचाराविना मोठेपणीची उंची बहुतेकदा १०८ ते १४२ सेंटिमीटरच्या दरम्यान थांबते. आईवडील दोघेही वाहक (स्वतः निरोगी, पण सदोष जनुक असलेले) असतील तर दर गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची २५ टक्के शक्यता असते. अशा मुलांसाठी कृत्रिम आयजीएफ-१ चं इंजेक्शन आहे, अमेरिकेत २००५ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. तेही साखर उतरवतं, म्हणून खाण्याच्या वेळेलाच द्यावं लागतं. आणि ते हाडांची टोकं जुळण्याआधी सुरू व्हायला हवं. नंतर उंची वाढत नाही.