मैत्रीवर निबंध लिहायचाय? आधी फोन सायलेंटवर टाका

"सद्गुण, मैत्री आणि सुख यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा" असा विषय आलाय ना, आणि सबमिशन उद्या सकाळी आहे ना, मग अजिबात घाबरू नका, तत्त्वज्ञानाचा निबंध लिहायची हीच खरी वेळ, कारण महिनाभर आधी सुरू केलं की माणूस चुकून पुस्तक वाचायला घेतो आणि मग सगळंच अवघड होऊन बसतं.

पुस्तक म्हणजे ॲरिस्टॉटलचं निकोमॅकियन एथिक्स. एकूण १० भाग, त्यातले आठवा आणि नववा अख्खे मैत्रीवर. एवढं माहीत असलं की बास. उघडलंच तर पहिल्याच भागात बाबा सांगतो की हा विषय तरुण पोरांच्या कामाचा नाही, त्यांना जगण्याचा अनुभव नसतो आणि ती भावनेच्या भरात वाहवत जातात. झालं, खुद्द लेखकानेच सुट्टी दिली. (पुढे असंही म्हणतो की वयाने तरुण असो नाहीतर स्वभावाने पोरकट, दोघांची गत एकच. हे मात्र लिहू नका, सर स्वतःला लावून घेतील.)

सुरुवात "अनादी काळापासून मनुष्य सुखाच्या शोधात आहे" अशी, याला पर्याय नाही. मग जन्म इ.स.पू. ३८४, गाव स्टॅगिरा, प्लेटोच्या अकादमीत वीसेक वर्षं, नंतर स्वतःची शाळा, लायसियम. विषयाशी याचा काय संबंध असं कोणी विचारत नाही आणि शब्द भरतात. त्यानंतर सुखासाठीचा त्याचा ग्रीक शब्द "युडायमोनिया" तीनदा टाका पण अर्थ सांगायच्या भानगडीत पडू नका, कारण नुसता मूड चांगला असणं म्हणजे युडायमोनिया नव्हे, सद्गुणाने जगत राहणं म्हणजे ते, आणि तेही आयुष्यभर, एक पाखरू दिसलं म्हणून वसंत येत नाही असं तोच म्हणतो. आता एवढं एकदा लिहून बसलात की पुढची चार पानं त्याला धरून लिहावी लागतील, कोणी सांगितलंय. ग्रीक शब्द ग्रीकच राहू द्या, भारदस्त दिसतो.

सद्गुणाचं सोपं आहे. घरं बांधून बांधून गवंडी होतो, वाद्य वाजवून वाजवून वादक होतो, तसं न्यायाने वागून वागून माणूस न्यायी होतो, थोडक्यात सवय. हे वाक्य तुम्ही रात्री दोन वाजता, दर सेमिस्टरला उतरवता तसंच, दुसऱ्याच्या नोट्समधून उतरवताय, तर त्यावर फार विचार करत बसू नका, हात थांबतो.

मग सुवर्णमध्य. यातलं सोनं ॲरिस्टॉटलचं नाही, ते होरेस नावाच्या रोमन कवीचं, पण सगळे खपवतात, तुम्हीही खपवा. भित्रेपणा एका टोकाला, अविचारी धाडस दुसऱ्या टोकाला, मध्ये शौर्य, म्हणजे प्रत्येक गोष्टीत निम्मं निम्मं, असं लिहून मोकळं व्हा. मूळ पुस्तकात नेमकं याच्या उलट आहे. तो म्हणतो की १० मापं खाणं जास्त आणि २ कमी, म्हणून काय सगळ्यांना ६ वाढायची का, मायलो पैलवानाला तेवढं पुरणार नाही आणि काल तालमीत आलेल्या पोराला जड जाईल. मध्य ज्याचा त्याचा, प्रसंग बघून काढायचा. आणि चोरी, खून असल्या गोष्टींना मध्यच नसतो, योग्य वेळी योग्य तेवढी चोरी असा प्रकार नाही. हे वाक्य गाळलेलंच बरं, नेटवरून उचललेले तीन परिच्छेद याच्या लगेच खाली येणार आहेत.

सातव्या भागात चांगलं काय ते कळतं पण वळत नाही अशा माणसांबद्दल बरंच काही आहे. यावर तुम्ही पुस्तक न उघडता लिहू शकता.

आता मैत्री. तीन प्रकार, तक्ता काढा, तक्त्याला मार्क असतात. उपयोगाची, मजेची आणि सद्गुणाची. पहिल्या दोन कारण संपलं की संपतात. तिसरीत समोरच्याचं भलं त्याच्यासाठीच हवं असतं, तिला वेळ लागतो, एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणूस कळत नाही अशी म्हणच तो देतो, आणि असे मित्र मोजकेच मिळतात. समोर उघड्या असलेल्या नोट्स ज्याच्या आहेत तो कुठल्या रकान्यात बसतो हे बघू नका, तक्ता वाकडा होतो.

खरा पेच नवव्या भागात आहे. सुखी माणूस स्वतःत पूर्ण, मग त्याला मित्र हवेत कशाला? त्याच्या उत्तरांपैकी एक असं की आपलं वागणं आपल्याला तितकं नीट दिसत नाही, दुसऱ्याचं दिसतं, आणि मित्र म्हणजे दुसरा मीच, त्याच्याकडे बघताना चांगलं जगणं डोळ्यांना दिसतं. आणि एवढं सांगून दहाव्या भागात म्हणतो की सर्वोच्च सुख चिंतनात, जे एकट्यालाही जमतं! अभ्यासक यावर अजून भांडतायत. मला विचाराल तर अख्खा निबंध या एकाच पेचावर लिहिता येईल, पण मग विचार करावा लागेल, त्यापेक्षा "अशा प्रकारे तिन्हींचा घनिष्ठ संबंध आहे" लिहा आणि शेजारी बेकरने १८३१ मध्ये काढलेल्या ॲरिस्टॉटलच्या ग्रीक आवृत्तीतला ११५५ हा पानाचा आकडा टाका, मैत्रीचा भाग तिथूनच सुरू होतो, कोणी उघडून बघितलंच तरी पकडले जाणार नाही.

मध्येच फोन उजळेल. नोट्सवालाच असेल, "जागा आहेस का, जरा बोलायचं होतं". उघडू नका, वरच्यावर वाचा, निळी टिक गेली की पंचाईत. "मित्र म्हणजे दुसरा मी" हे वाक्य अर्धं राहिलंय, ते आधी पुरं करा. सकाळी सबमिट केलं की आरामात रिप्लाय द्या, "अरे झोपलो होतो रे, सगळं ठीक ना? आणि त्या कांटच्या नोट्स आहेत का तुझ्याकडे?"