बदकात रंग भरा, मावशी!

कामगारांच्या साक्षरता वर्गासाठी पुस्तकं निवडायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? बिनधास्त राहा. आमच्या शिरोली एमआयडीसीतल्या संध्याकाळच्या वर्गाला गेल्या महिन्यात एका जाणकारानं निवडलेला खोकाभर माल आला. त्यावरून शिकलो ते सांगतो.

पुस्तक बालवाडीचंच घ्या. अंगठा लावणारा माणूस वयानं कितीही वाढला तरी अकलेनं पाच वर्षांचाच, हे मनाशी पक्कं करा. म्हणजे दिवसभर फौंड्रीत कोअर (ओतकामाच्या साच्यात बसवायचा वाळूचा भाजलेला गाभा) काढून आलेल्या ५२ वर्षांच्या मावशींना "बदकात रंग भरा" सांगताना जीभ अडखळत नाही. कोअरचा नुसता रंग बघून तो भाजलाय की कच्चा राहिलाय हे ओळखणारी बाई. बदकाकडं बघत म्हणाल्या, "सर, ह्येला कंचा रंग देऊ? कच्च्याचा का करपल्याचा?"

चित्रात बाई असली की हातात झाडू हवाच.

वर्गातली निम्मी नावं पुस्तकात सापडत नसतील तर वर्गानं नावं बदलावीत.

बिहार-ओडिशाच्या पोरांना वेगळं काही नको. मराठी कळलं नाही तर तेच जरा मोठ्यानं ओरडा.

अक्षर बारीक ठेवा. चाळिशी लागली ती त्यांची चूक.

आणि उपदेश! त्याशिवाय पुस्तक कसलं? दारू सोडा, हात धुवा, बचत करा, साहेबांचं ऐका. बचत कशातनं करायची, ते विचारू नका. पगाराच्या चिठ्ठीवर एक धडा नाही. पीएफचे १२ टक्के कुठल्या रकान्यात कापलेत, ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, पाऊण टक्का कशाचा, जादा तासांचा दुप्पट दर लागला का, भरलेल्या दिवसाचा खाडा तर पडला नाही ना, यातलं अक्षर नाही. 'धोका' हा शब्द नाही, 'हत्ती' मात्र आहे. (चंदगड-आजऱ्याकडं हत्ती उसात शिरतो, मान्य. कोअर शॉपमध्ये अजून आलेला नाही.) भट्टीशेजारी उभ्या असलेल्या माणसाला आधी काय वाचता यायला हवं, एवढंही सुचू नये?

अहो, जरा तरी लाज बाळगा. ज्या राजानं १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्याच्या दसरा चौकातल्या पुतळ्याला हार घालून फोटो काढता, आणि त्याच कोल्हापुरात शाळा हुकलेल्या बाईच्या हातात बदक देता? पुस्तक निवडायच्या आधी एक संध्याकाळ वर्गात येऊन बसलात? काय वाचायचंय म्हणून एकीला तरी विचारलंत?

आता आम्ही मावशींच्याच पगाराच्या चिठ्ठीची झेरॉक्स काढून शिकवतोय. परवा त्यांनी बोट ठेवून 'क-पा-त' वाचलं, पुढचा आकडा बघितला आणि बराच वेळ बोट तिथंच राहिलं.

तुमचा खोका दाराशी बांधून ठेवलाय. घेऊन जावा. टेम्पोचं भाडं मी देतो.